रजेवर जाणारी लकाकी

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा त्या घरातलं बोलण्याचं सगळं काम आत्याबाईंकडे होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी विहिरीवरून हाक मारली की तिसऱ्या शेतातला माणूस "काय व?" म्हणून उभा राही. आमचे मालक, म्हणजे हे, मोजकंच बोलत, पण जे बोलत ते कोणाला तरी चिडवण्यासाठीच. माझ्यासाठी बोलायचं काही उरलंच नव्हतं, आणि उरलं असतं तरी मी ते उचललं नसतं. चौथीत असताना गुरुजी उभं करून पाढा विचारत, तेव्हा मला पाढा येई पण आवाज येत नसे. गुरुजी म्हणत, "पाटीवर लिही." तेव्हापासून काही सांगायचं असलं की मला ते लिहूनच बरं जमतं. म्हणून हे लिहिते आहे. कोणी वाचावं म्हणून नाही. निदान ह्यांनी तरी वाचू नये, कारण शेवटी ह्यांचीच फजिती आहे.

आमचं शेत घाटाच्या अगदी काठावर. बुलढाण्याकडून येणारी जमीन आमच्या बांधापर्यंत सपाट येते आणि मग एकदम खाली उतरते. खाली सगळा नांदुऱ्याकडचा मुलूख पसरलेला. थंडीत सकाळी धुकं विरलं की शेतांचे चौकोन गोधडीच्या ठिगळांसारखे दिसत. त्या गोधडीत कुठेतरी माझं माहेर होतं, वडनेर भोलजी. नुसत्या डोळ्यांना ते दिसणं शक्य नव्हतं, पण बाजू माहीत होती, आणि मला तेवढंही पुरे.

आता वगारीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ह्यांचे एक म्हातारे काका रोज सकाळी चहाला आमच्या ओसरीवर येऊन बसत. त्यांच्याशी सुनेनं थेट बोलायचं नाही अशी रीत. काही सांगायचं असेल तर घरातल्या लहान मुलाला सांगावं आणि मोठ्या माणसानं ते ऐकून घ्यावं. आमच्या घरात तेव्हा लहान मूल नव्हतं. ओसरीच्या खांबाला म्हशीची वगार बांधलेली असे, सहा-सात महिन्यांची, मोठ्या कानांची. मी तिलाच सांगू लागले. "वगारी, चहा झाला." "वगारी, साखर संपली, गूळ टाकू का?" काका वगारीकडे बघून म्हणत, "टाक." असं आमचं सुरळीत चाललं होतं. हे म्हणत, "आमच्या वगारीले सगळ्या घराच्या भानगडी ठाव्या हायेत. एक दिवस सरपंच होते ते."

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ज्वारी दाण्यावर आली आणि पाखरं हाकायला माळ्यावर कोणी बसायचं हा प्रश्न निघाला. चार लाकडं रोवून वर फळ्या टाकलेल्या असतात, त्यावर दिवसभर गोफण घेऊन बसायचं. ऊन, वारा, एकटेपणा. मी म्हटलं मी बसते. सगळ्यांना वाटलं, काय कष्टाळू सून. खरं कारण असं की माळ्यावरून खालचा मुलूख सगळ्यात चांगला दिसे.

आणि तिथेच मला ती लकाकी सापडली. सकाळी, गुरं चरायला गेल्यावर आणि मी भाकरीचं फडकं सोडायच्या आधी, खाली लांबवर एक ठिणगी उठे. पांढरी, स्वच्छ. थोडा वेळ राही आणि विझे. अगदी वडनेरच्या बाजूला. मी मनाशी ठरवून टाकलं की माझी आई चिंचेनं घासलेली पितळी घागर घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, उन्हात उपडी घालते, तिचीच ही लकाकी. इतक्या लांबून घागर दिसत नाही हे मलाही कळत होतं. पण माळ्यावर बसलेल्या माणसाला विचारायला येतंय कोण? सोमवारी ती लकाकी येत नसे. मी त्याचंही उत्तर काढलं. सोमवारी आई बाजाराला जात असेल.

अशात एक दिवस आमच्या बांधापाशी जीप येऊन थांबली. तीतून एक तरुण साहेब उतरला, पुण्याकडचा, आणि दोन खलाशी. खलाशी म्हणजे जहाजावरचे नव्हेत, मोजणीच्या कामात सामान वाहणाऱ्यांना तसं म्हणतात. साहेबानं तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण बसवली, नकाशा पसरला आणि आत्याबाईंना म्हणाला, "आजी, इथे मागच्या खडकाळ बरडावर टेलिफोनचा मनोरा उभा राहणार आहे. वर परातीसारखी तबकडी बसेल. खाली मैदानात दुसरा मनोरा, त्यालाही तशीच परात. दोघी एकमेकींकडे तोंड करून बसतील."

"म्हंजे जावाजावा," आत्याबाई म्हणाल्या. "मंग तार कुठून नेता?"

"तार नाही. हवेतून लाट जाते."

हे ऐकून आत्याबाईंनी त्याला खाटेवर बसवलं, मला चहा टाकायला सांगितलं, आणि उलटतपासणी सुरू केली. मी दाराआडून ऐकत होते.

साहेब समजावून सांगणारा होता. तो म्हणाला, "रेडिओवर बातम्या लागतात ना आजी, त्यांची लाट फार लांब असते. दोन-तीन शेतं मिळून जेवढी होतील तेवढी एक लाट. डोंगर आला तर वळसा घालून पलीकडे जाते."

"आमच्या मायच्या आवाजावानी," हे म्हणाले.

"आमची लाट मात्र एवढीच." साहेबानं चार बोटं जोडून दाखवली. "ही नाकासमोर जाते. वळत नाही. मध्ये टेकडी आली, झाड आलं, की तिथेच अडते."

"मंग लांबवालीच काऊन नाही घेत बापू? हे अशी हेकट कायले पायजे?"

"लांब लाटेवर थोडकीच बोलणी मावतात, आजी. ही जेवढी आखूड तेवढं तिच्यावर जास्त मावतं. एका वेळी शेकडो माणसं बोलतील आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही."

"आईकूच जात नाही तं बोलून फायदा काय?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

साहेब हसला. समोर सुपात मी खुडून आणलेली कणसं होती. त्यातला एक दाणा त्यानं नखानं काढला आणि तळहातावर ठेवला. म्हणाला, "परदेशात आता एवढ्याशा लाटा करून पाहताहेत. ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्यांच्यावर तर किती मावेल याला मोजच नाही. पण भारी नाजूक काम. पाऊस आला की विरून जाते. पान आडवं आलं तरी अडखळते. कोणी मध्ये हात धरला की संपलं. लांब जायचीच नाही, फार तर एका आळीपुरती."

"आमच्या घरी हाये तशी एक," हे म्हणाले आणि दाराकडे पाहू लागले.

मी दाराआड होते ती आणखी आत गेले. चहा उतू गेला तो त्यामुळे. पण चूल पुसता पुसता मला त्या दाण्याएवढ्या लाटेबद्दल आपुलकी वाटली. पान आडवं आलं की अडखळते म्हणे. मी तर नुसती चाहूल लागली तरी अडखळते.

"तिचा काय उपेग मंग?" आत्याबाई बाहेर विचारत होत्या.

"निघेल कधीतरी," साहेब म्हणाला. "घरातल्या घरात, हाकेच्या अंतरावर, गर्दीच्या जागी. सगळ्याच लाटांनी डोंगर ओलांडायचे असं थोडंच आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशाचं काम होतं. खालच्या मनोऱ्याच्या जागी साहेबाची दुसरी माणसं मोठा आरसा घेऊन उभी राहणार, दहाच्या ठोक्याला सूर्याचा कवडसा आमच्या दिशेला मारणार, आणि साहेब वरून तो पाहणार. तो दिसला म्हणजे दोन्ही जागांच्या मध्ये काही आडवं नाही आणि तीच लाटेची वाट. होकायंत्र होतं त्याच्याकडे, पण तो म्हणाला की इथल्या काळ्या दगडात सुई बहकते, तिच्यावर फार भरवसा ठेवता येत नाही.

मी माळ्यावर होते. माझी लकाकी नेहमीसारखी आली. त्याच वेळी बरडावरून साहेबाचा आवाज आला, "दिसला! दिसला!" खलाशांनी लगोलग दोरी धरली आणि खुंट्या ठोकत पुढे निघाले. एक खुंटी, दुसरी खुंटी, आणि तिसरी ठोकायला जागाच नव्हती. तिथे अमडापुऱ्या उभा होता.

अमडापुऱ्या म्हणजे आमचा आंबा. आत्याबाईंनी स्वतःच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात अमडापूरहून, आपल्या माहेराहून परत येताना, ओच्यात कोय बांधून आणली होती, तिचं ते झाड. त्यांच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. घर पडलेलं, भाऊ गेलेले. अमडापूरचं नाव निघालं की त्या झाडाकडेच हात करत, जणू गावाचं ठाणंच तिथे हलवलं होतं. त्या वर्षी मोहोर असा आला होता की पानं दिसत नव्हती.

"हे झाड काढावं लागेल, आजी," साहेब म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "लाटेला नुसती रेघ पुरत नाही. तिच्या भोवती बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा लागते. उद्या दुपारी काम करू. भरपाई मिळेल."

"भरपाईले मोहोर येते का?" आत्याबाईंनी विचारलं.

साहेब नकाशाकडे बघू लागला. आत्याबाईंनी स्वतः खाट उचलली, झाडाखाली नेऊन टाकली आणि तीवर आडव्या झाल्या. हे जाऊन म्हणाले, "माय, सरकारी काम हाये. आपुन काय करनार?" त्या बोलल्या नाहीत. मी भाकरी नेली. बोलल्या नाहीत, आणि भाकरीकडे पाहिलंही नाही. काका येऊन गेले. त्यांच्याशीही नाही.

त्या घरात आत्याबाई गप्प आहेत असं मी पहिल्यांदाच पाहिलं. विहिरीवर गेले तर रहाटाचा आवाज ऐकू आला. तो इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. आणि मला सकाळपासून जे माहीत होतं ते मी मनातल्या मनात पुन्हा मांडून पाहिलं.

साहेबानं पाहिली ती लकाकी आरशाची नव्हती. ती माझी होती. दिवाळी झाल्यापासून रोज येणारी. म्हणजे खुंट्यांची रेघ चुकीच्या जागेकडे निघाली होती आणि त्या चुकीच्या रेघेत झाड आलं होतं. हे मला एकटीला कळत होतं, आणि एकटीला कळतं ते सांगावं लागतं. परक्या माणसाला, दिवसाउजेडी, चार जणांसमोर. शिवाय तो विचारणार, तुला कसं माहीत? मग सांगावं लागणार की मी रोज पाखरं हाकायची सोडून माहेराकडे बघत बसते. नांदायला येऊन दुसरं वर्ष चाललेली बाई.

आधी ह्यांना गाठलं. गोठ्यात ह्यांना म्हटलं, "ते लकाकी आरशाची नाही."

"मंग कोनाची हाये? तुझी हाये का?" म्हणून हे हसले आणि पेंडी घेऊन निघून गेले. चिडवायची सवय लागलेल्या माणसाला खरं सांगणं फार कठीण असतं.

दुपार कलायला लागली. खलाशी झाडापासून थोड्या अंतरावर बसून कुऱ्हाडीला धार लावत होते. साहेब नकाशा घेऊन सावलीत बसला होता, आत्याबाईंकडे पाठ करून. मी ओसरीवर आले, वगारीचं दावं सोडलं आणि तिला घेऊन झाडाखाली गेले. उन्हातून सावलीत बांधायला आणल्यासारखं केलं. बुंध्याला दावं बांधलं, डोईवरचा पदर पुढे ओढला, आणि तिच्या कानाशी नाही, जरा मोठ्यानं म्हटलं,

"वगारी, सकाळची लकाकी आरशाची नव्हती."

साहेबानं मान वर केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खलाशाच्या हातातला धारेचा दगड थांबला. आत्याबाई खाटेवर उठून बसल्या.

"या कोणाशी बोलताहेत?" साहेबानं विचारलं.

"तुमच्याशीच बोलून राह्यली," आत्याबाई म्हणाल्या. दिवसभरातला त्यांचा पहिला शब्द. "तुमी वगारीले इचारा."

साहेब भला माणूस. त्यानं घसा साफ केला, वगारीच्या समोर जरा वाकला आणि गंभीरपणे म्हणाला, "वगारबाई, कशावरून म्हणता?"

"वगारी, हातातला आरसा थिर राहत नाही. कुंकू लावताना कितीही घट्ट धरा, हालतेच. सकाळची लकाकी जरासी बी हालली नाही."

साहेबानं खुंट्यांच्या ओळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मीच सांगितलं होतं त्यांना. आरसा हलवत राहा म्हणून." आणि त्याचे कान लाल झाले.

"अन् वगारी, ते लकाकी जीप याच्या आंधीपासून येते. दिवाळी झाल्यापासून रोज. दहा वाजायच्या आंधीच येते. सोमवारी तेवढी येत नाही."

"सोमवारी का नाही?"

इथे माझी गाडी अडली. वगारीला आईच्या बाजाराचं कसं सांगायचं? तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला. हे केव्हा येऊन उभे राहिले कोण जाणे. "वगारी, तिले इचार, रोज रोज तिकडं काऊन पाह्यते म्हणा? पाखरं तं इकडं हायेत."

मी वगारीच्या कपाळावरचे केस नीट केले. ते नीटच होते. मग म्हटलं, "तिकडं वडनेर हाये."

ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. वगारीनं तेवढ्यात मुतून घेतलं आणि सगळे दोन पावलं मागे सरकले, म्हणून बरं झालं. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी वर मोहोराकडे पाहिलं आणि खाटेवरून पाय खाली सोडले. "आन व ते भाकर," त्या म्हणाल्या.

"उद्या सोमवारच आहे," साहेब नकाशाची घडी घालत म्हणाला. "उद्या लकाकी आली नाही तर तुमची वगार खरी. आरसावाल्यांना कामाचे तीन दिवस दिलेत, ते उद्या असणारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बरडावर जमलो. काकाही काठी टेकत आले. वगारीला हे मुद्दाम घेऊन आले, "साक्षीदार हाये" म्हणून. नेहमीची वेळ झाली. माझी लकाकी आली नाही. मी इतक्या सोमवारी तिची वाट पाहिली होती, पण ती येऊ नये म्हणून त्याच दिवशी पाहिली. साहेब दुर्बिणीतून डोळा काढत नव्हता. धुकं पातळ होत होतं. घड्याळात दहा वाजले. काही नाही. खलाशी एकमेकांकडे बघायला लागले.

आणि मग डाव्या अंगाला, नेहमीच्या जागेपासून खाली मैदानात कोसभर तरी लांब, एक बारीकसा कण उजळला. ज्वारीच्या दाण्याहून लहान. तो स्थिर नव्हता. उडे, विझे, पुन्हा उडे, हात दुखलेल्या माणसानं धरल्यासारखा थरथरे.

"हालते!" आत्याबाई ओरडल्या. ते खाली आरसा धरणाऱ्यांनासुद्धा ऐकू गेलं असेल.

साहेबानं पुन्हा दोरी धरली. नवी रेघ अमडापुऱ्याच्या डाव्या बाजूनं गेली. गाडी जाईल एवढी जागा सुटत होती, फक्त एक फांदी मध्ये येत होती, तीही विहिरीकडची, लुकडी. साहेबानं ती कापायची परवानगी मागितली, आत्याबाईंकडे नाही, वगारीकडे. पण उत्तर आत्याबाईंनीच दिलं. "आंबे उतरल्यावर कापा. त्याच्या आंधी हात लावला तं मी पुन्हा खाट टाकीन." मनोरा उभा राहायला वर्षभर तरी अवकाश होता, त्यामुळे साहेबानं मान्य केलं.

चुकीच्या खुंट्या उपटून झाल्यावर तो वगारीपाशी आला. "वगारबाई, तुमच्यामुळे झाड वाचलं आणि माझी अब्रूही वाचली. परात चुकीच्या दिशेला बसली असती तर बोलणारे बोलत राहिले असते आणि ऐकायला कोणी नसतं. तुम्हाला काय पाहिजे?"

मी आधी खालच्या मैदानाकडे पाहिलं. मग वगारीला विचारलं, "याच्यातून वडनेर दिसते का?"

साहेबानं दुर्बीण फिरवली. आधी माझ्या लकाकीच्या जागेवर नेली आणि स्वतः पाहिलं. "लांबट इमारत आहे. ओळीनं खिडक्या दिसताहेत, काचेच्या, वरून टांगलेल्या. बाहेर ढकलून उघडायच्या असाव्यात. कापसाचं जिनिंग दिसतंय, सरकी काढायचा कारखाना. आज बंद आहे." म्हणजे रोज सकाळी तिथला कोणी कामगार खिडक्या उघडत होता आणि मी त्याला आई समजत होते. मग साहेबानं दुर्बीण उजवीकडे जराशी सरकवली, नकाशा पाहिला, आणि म्हणाला, "इथे वडनेर. पण आधीच सांगतो, या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं."

मी डोळा लावला. आभाळ खाली होतं. वर जमीन, आणि तिच्यातून झाडं खाली लोंबत होती. मधोमध एक पांढरा ठिपका, देऊळ असेल, तो कळसावर उभा. कुठल्याशा चुलीचा धूर खाली खाली वाहत होता. माझं सगळं माहेर वटवाघळांसारखं टांगलेलं. मला हसू आलं. असं आलं की पदर तोंडात कोंबूनही थांबेना. परक्या माणसांसमोर मी मोठ्यानं हसले, आणि ते वगारीमार्फत नव्हतं.

आत्याबाईंनीही डोळा लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "उलटं पाह्यलं न? आता जाऊन सुलटं पाहून ये. संक्रांतीले जाय. आठ दिवस राह्य."

"पाखरं कोन हाकन?" ह्यांनी विचारलं.

"तू हाक. तुले बी कळू दे माळ्यावर बसून काय दिसते ते."

मनोरा पुढे उभा राहिला. परात बसली. अमडापुऱ्याची ती फांदी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हट्टानं तिकडेच वाढते आणि हे चढून ती छाटतात, आत्याबाई खालून कुठे छाटायची ते सांगतात. झाडाशेजारून रोज किती लोकांचं बोलणं जातं कोण जाणे. मी कितीदा तिथे उभी राहून कान दिला. साहेब खरं बोलला होता, एकाचंही ऐकू येत नाही.

पण मला सांगायचं होतं ते संक्रांतीचं.

निघताना मी ह्यांना म्हटलं होतं, थेट म्हटलं होतं, की मी धाब्यावर चढून आरशाचा कवडसा मारीन, तुम्ही माळ्यावरून बघा. हे म्हणाले, "मले दुसरे कामं नाहीत काय?" माहेरी गेल्यावर आईला घागरीचं सांगितलं. ती म्हणाली, घागर तर कधीची फुटली, आता लोखंडी बादली आहे, आणि बाजाराला मी शुक्रवारी जाते. म्हणजे माझं एकही उत्तर बरोबर नव्हतं.

मी विचार करून सोमवार निवडला. सोमवारी जिनिंग बंद, म्हणजे माझ्या कवडशात दुसऱ्या कशाची भेसळ नको. सकाळी धाब्यावर चढले, कुंकवाचा आरसा घेतला, दक्षिणेला घाटाची निळी कड दिसत होती तिकडे धरला. आरसा काही थिर राहीना. आजूबाजूच्या बायका विचारायला लागल्या की काय करून राह्यली व, म्हणून लवकर खाली उतरले. पुन्हा काही धीर झाला नाही. आठ दिवसांत तेवढं एकदाच.

हे न्यायला आले. गाडीत बसून गाव मागे पडेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, "दिसलं का?"

"दिसलं की," हे म्हणाले.

"कवा?"

"रोजच दिसे. आठही दिवस. सकाळी माळ्यावर गेलो की पह्यलं तेच पाहो. मंग पाखरं." आणि बैलांकडे बघत, चिडवण्याचा सूर मुळीच न लावता म्हणाले, "एक दिवस नाही चुकलं."

मी मनात दिवस मोजले. सात दिवस जिनिंगच्या खिडक्या आणि एक दिवस मी. त्या माणसाला खिडक्यांचं सगळं माहीत होतं, त्याच्यासमोरच साहेबानं सांगितलं होतं, तरी तो आठ दिवस तिकडे बघत राहिला आणि मीच आहे असं समजत राहिला.

मी त्यांना काही सांगितलं नाही. घरी गेल्यावर वगारीला मात्र सगळं सांगितलं, पण हळू, तिच्या कानात.